ब्रिस्बेनच्या ओढ्याकाठी ताई

त्या दिवशी सकाळी ताईचा फोटो आला नाही. इकडे लाखनीत आम्ही उठायच्या आधीच तिकडे ब्रिस्बेनला तिचं ओढ्याकाठचं फिरणं आटोपलेलं असे. चहा ठेवता ठेवता फोन उघडला, की एखादं पाखरू माझी वाट पाहत असे. त्या दिवशी चहा उतू गेला तरी काही नाही. दुपारी भाच्याचा, मंगेशचा फोन आला. "मावशी..." एवढंच म्हणाला. मागून सूनबाईचं, नेहाचं रडणं ऐकू आलं. माझी थोरली बहीण, कुसुमताई, ओढ्याच्या पायवाटेवरच गेली होती. रोज कुत्रा फिरवायला येणाऱ्या एका गोऱ्या म्हातारीला ती झाडाखाली पडलेली दिसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, नुसता हात हलवून हसायच्या. अँब्युलन्सवाल्यांनी नाव विचारलं, तर त्या बाईला सांगता येईना. फोनला लॉक होतं, घरचे दोघंही कामावर. माझी ताई कितीतरी वेळ बिननावाची पडून राहिली...

भाऊजी गेले तेव्हा मंगेशनं तिला सोबत नेलं आणि आंधळगावच्या तिच्या घराला कुलूप लागलं. जन्मभर धानाच्या बांधीत वाकलेली बाई एकदम काचेच्या खिडक्यांच्या घरात जाऊन पडली. मुलगा-सून सकाळी जात, अंधार पडल्यावर येत. "दिवसभर भिंतीसंग बोलून राहिली मी, शालू," असं ती मला म्हणायची. नेहा मोठी समजूतदार. तिनं आपला जुना कॅमेरा ताईच्या गळ्यात अडकवला, कोणतं बटण दाबायचं, फोटो फोनवर घेऊन कसा पाठवायचा ते दाखवलं आणि मागच्या ओढ्याची वाट दाखवून दिली.

सुरुवातीला नुसत्या शेपट्या यायच्या, पाखरू उडून गेलेलं. मग हळूहळू तिचा हात बसला. दगडावर ऊन खात पडलेला काटेरी पाठीचा सरडा आला... "आपल्या घोरपडीची लहान बहीण पाहा." जाड चोचीचा कुकाबुरा आला, त्याच्याबरोबर तिचा आवाजही आला. "अवं, हे पाखरू हासते! धान रोवताना बाया हासतात ना, तसं." त्या दिवशी ती स्वतःही हसली होती. मग तिनं विचारलं, "आपल्या बोडीवर कोणती पाखरं येत होती वं? मले त काहीच आठवून नाही राह्यलं." मलाही आठवेना. माहेरच्या त्या लहानशा तळ्याच्या पाळीवरून डोक्यावर शिदोरी घेऊन आम्ही हजारदा गेलो असू, पण मान वर करून पाहायला सवड कोणाला होती? पुढे माहेरी गेले तेव्हा मुद्दाम बोडीवर गेले. अर्धी बुजली होती, उरलेल्या अर्ध्यात बेशरमाची झुडपं माजलेली. तिला तो फोटो पाठवावासा वाटला नाही.

गेल्या वर्षी तिनं परत यायचं ठरवलं. "मले माह्या घरी मरू द्या," असं तिनं मंगेशला स्पष्टच सांगितलं. तोही तयार झाला, तिकीट काढलं. मी आंधळगावला जाऊन घर सारवून घेतलं, विहिरीवरची मोटर दुरुस्त करवली. आणि निघायला थोडे दिवस उरले असताना तिला हार्ट अटॅक आला. डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं. दवाखान्यातून घरी आल्यावर ताईनं पुन्हा तिकिटाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

त्यानंतर एकाच पाखराचे फोटो येऊ लागले. फ्रॉगमाउथ म्हणतात त्याला. ताईसाठी ते लाकडी पाखरू. निलगिरीच्या फांदीवर ते असं बसतं, की मोडकी फांदीच वाटावी. ते जोडपं होतं. एका वादळानंतर त्यातलं एक झाडाखाली मरून पडलं. दुसरं खाली उतरून त्याच्याशेजारी बसलं, ते हलेचना. ताई रोज जाई आणि रोज तोच फोटो पाठवी. मला बघवेना. म्हटलं, "ताई, दुसरं काही काढ ना. काहून जातेस तिथं?" ती म्हणाली, "मी नाही गेली त त्याच्यापाशी कोण बसंल?" मग एक दिवस झाडाखालच्या नुसत्या पाल्याचा फोटो आला, पाखरू नव्हतं. ती स्वतः गेली ती त्याच झाडाखाली का, हे मी मंगेशला विचारलेलं नाही.

मंगेश अस्थी घेऊन आला. कारध्याला वैनगंगेत सोडल्या. पाणी हलत नव्हतं, राख बराच वेळ काठाशीच फिरत राहिली. मंगेश गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहून हातानं ती पुढे लोटत होता आणि म्हणत होता, "जा ना आई... जा ना."

जाताना तो ताईचं लुगडं आणि तिचे फिरायचे बूट माझ्याकडे ठेवून गेला. लुगडं पेटीत ठेवलं. बूट दाराशीच आहेत. तळव्यांना त्या ओढ्याचा चिखल वाळून बसलाय, तो आपोआप सुटून पडतो. सकाळी झाडताना तेवढ्या जागी माझा हात थांबतो, पण वाऱ्यानं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी तो जातोच. आता टाचेशी थोडासा उरलाय.