मशीन की घर?

मरणावर काम करणाऱ्या माणसाकडं किस्से फार साठतात. लग्नात कुणी "काय करतेस?" विचारलं आणि मी सांगितलं, की शेजारची खुर्ची रिकामी होते. थोड्या वेळानं तीच बाई जिलेबी घेऊन परत येते. "व्हय गं, आमच्या मामंजींचं काय झालतं म्हाईत हाय?"

काम साधं. शेवटच्या आजारपणात श्वासाचं मशीन लावायचं की घरी न्यायचं, हे माणसाकडून आधीच वदवून घ्यायचं. पुण्याहून आलेल्या आमच्या डॉक्टर मॅडम याला 'डिझाइन थिंकिंग' म्हणतात. आधी लोकांचं ऐका, कच्चं काहीतरी बनवा, वापरून बघा, फसलं की पुन्हा बनवा. फसण्यात आमचा हात कुणी धरणार नाही!

घरी माझे वडील, म्हणजे आबा, आणि त्यांची म्हैस. आबांचं हृदय थकलंय. "पुन्हा दम लागला तर काय करायचं, विचारून ठेव," मॅडमनी बजावलंय. मी सगळ्या जिल्ह्याला विचारते, आबांसमोर मात्र म्हशीचंच काहीतरी विचारून उठते.

*

कळंब्यात बायकांना चिठ्ठ्या वाटल्या. शेवटची इच्छा लिहा, नाव नको. पहिलीच चिठ्ठी मॅडमनी मोठ्यानं वाचली, 'सुनेनं उलट बोलू नये.'

मागून लगेच दुसरी आली, 'आत्याबाईंची शेवटची इच्छा लवकर पुरी होवो!'

नाव नव्हतं, तरी सगळ्यांनी एकाच सुनेकडं वळून बघितलं.

*

कसबा बावड्यात म्हटलं, आपल्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स कसा हवा ते कागदावर काढा. एसटीतून रिटायर झालेल्या बापूंनी तो भाच्याकडून छापूनच घेतला आणि लांबून कसा दिसतो बघायला चौकात लावला!

सकाळी जोतिबाहून पावणं सुतकाच्या घरी न्यायची पिठलं-भाकरी घेऊन दारात. बापू चहा पीत बसलेले. पावण्यांतल्या साडूंनी त्यांना नीट न्याहाळलं आणि भडकले, "तू जित्ता हाईस ते ऱ्हाऊ दे! खाली शोकाकुलात माझा फोटो का न्हाय?"

*

मग आम्ही इच्छांचे पत्ते छापले. एकावर व्हेंटिलेटर, एकावर घरचं अंथरूण, एकावर पांढरा रस्सा. एक जोड मी मुद्दाम घरी ठेवून आले. संध्याकाळी बघते तर आबा मित्रांबरोबर त्याच पत्त्यांनी रमी खेळतायत!

"झ्याक हाय," मला म्हणाले, "पण जोकर घाला की!"

*

परवा ऑफिसात, घरच्यांना मशीनचं कसं विचारायचं याचं नाटक बसवलं. दोन टेबलं जोडून पलंग केला, पण पेशंट व्हायला कुणी तयार होईना. दवाखान्यातून तपासून आलेले आबा कोपऱ्यात माझी वाट बघत होते.

"मी पडतो की!" म्हणाले आणि पायताण काढून आडवे झाले. मॅडमनी गळ्यापर्यंत चादर ओढली. तेवढ्यात चहावाले काका आत आले, ट्रे खाली ठेवला आणि हात जोडले!

"मला बिनसाखरंचा," चादरीतून आबा म्हणाले.

हसणं थांबल्यावर मॅडम माझ्याकडं वळल्या. "तुम्ही मुलगी ना? यांना दम लागलाय. मशीन लावायचं का?"

नाटकच होतं. तरी मला रडू फुटलं. कसंबसं म्हणाले, "लावा."

आबांनी डोळे उघडले. चादर बाजूला केली, पाय खाली सोडले.

"माझं पायतान कुठं हाय? घरला चल बाई. म्हशीच्या धारंची वेळ झाली."

मी टेबलाखाली वाकले आणि पायताण काढून त्यांच्या पायाशी ठेवलं.