प्राचीच्या प्रोग्रॅममधून सुटलेला चेहरा

वरळी कोळीवाड्यात प्राचीइतकी हट्टी मुलगी दुसरी नाही. मी शेजारीण आहे, मला माहीत. तिची आई राधाबाई दादरला मासळी विकते आणि धाकटा भाऊ दीपेश जेटीच्या कामावर क्रेन चालवतो. त्याच जेटीने होड्यांची वाट अडते म्हणून परवा गावाने मोर्चा काढला, तर हा शहाणा त्यात पुढे. ठेकेदाराला कळलं असतं तर नोकरी गेलीच असती.

मोर्चाचे फोटो संध्याकाळी पेपरला जायचे होते. प्राची म्हणाली, "चेहरे मी झाकून देते."

तिने लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत एक कमांड लिहिली, पुढे फोटोंच्या फोल्डरचं नाव दिलं आणि चेहरे शोधणारी लायब्ररी, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रॅम, कामाला लागली. सापडलेल्या प्रत्येक चेहऱ्याची एक ओळ, त्यात फोटोचं नाव आणि चेहऱ्याच्या चार कडांचे आकडे. तिचा छोटा प्रोग्रॅम ते आकडे घेऊन तेवढाच भाग धूसर करायचा. मला सगळी भुताटकी वाटली.

मग एका फोटोत दीपेश तसाच दिसला. मान वळवून घोषणा देत होता, आणि त्याची ओळच आली नव्हती. प्राचीचा चेहरा पडला. समोरून दिसणारे चेहरेच याला नीट सापडतात, म्हणाली. बाजूचेही पकडणारी दुसरी पद्धत होती, पण तिच्या जुन्या लॅपटॉपवर त्यात सकाळ झाली असती. इकडे मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी हेमचंद्र सारखा फोन करत होता.

"पाठवतेस ना? पेपरवाले थांबलेत."

ती एकेक फोटो उघडून दीपेशला शोधत बसली. कुठे नुसती हनुवटी, कुठे अर्धा गाल, सगळं हाताने झाकलं. खात्री झाल्यावर फोटो हेमचंद्रला पाठवले, त्याने ते पेपरला दिले आणि गावाच्या ग्रुपवर टाकले.

जेवताना राधाबाईने मोबाइलवर फोटो मोठा केला. "गो, ह्यो शिवा नाय?"

शिवा म्हणजे दीपेशचा मुकादम, आमच्याच गल्लीतला. दीपेशला कामाला त्यानेच लावलं. डोक्यावर लाल टोपी, मान वळलेली, चेहरा स्वच्छ उघडा. प्राचीने ताट सरकवून हेमचंद्रला फोन लावला. त्याने ग्रुपवरून फोटो लगेच काढला, पण तोवर तो गावभर फिरला होता.

"मी फक्त दीपेशलाच बघत होते, काकी," ती मला म्हणाली. मला तिचा संताप आला. पण माझा भाऊ असता तर मीही त्यालाच शोधलं असतं.

सकाळी साइटवरून दीपेशचा फोन आला. प्राचीने स्पीकरवर टाकला.

"ताई, शिवाला गेटवरूनच परत पाठवला."

"आणि तू?"

"मला आत घेतलं." मागे क्रेनची घरघर चालू होती. "मुकादम केलाय मला. त्याच्या जागी."