न वाजलेला भोंगा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, आधीच सांगतो. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, उतारे, करणी... आजोबांनी सगळं कधीच हद्दपार केलं. त्यात मी इंजिनिअर. या ग्रुपवरच्या असल्या किश्श्यांची कमेंटमध्ये टर उडवणारा मीच. आज माझी उडवा.

साकोलीपासून मोटरसायकलने जाण्याजोगं एक जुनं धरण आहे, पायथ्याला छोटं वीजघर. नाव नाही सांगत, नोकरी करायची आहे. धरणांना धोक्याचा वर्ग देतात. तो धरण किती म्हातारं यावर ठरत नाही — फुटलं तर खाली किती माणसं सापडतील, यावर ठरतो. आमच्याची पाहणी मी केली, भर पावसाळ्यात. खाली नुसतं पाणी. 'वस्ती नाही, कमी धोका.' झालं काम!

आता सांगा, भंडाऱ्यात जन्मलेल्या माणसाला हे कळू नये? पाणी उतरलं की मासेमारी करणारी ढिवर कुटुंबं नदीच्या रेतीत टरबूज-डांगराच्या वाड्या लावतात, उन्हाळाभर तिथेच झोपड्या टाकून राहतात. लहानपणी तिथलीच टरबुजं खाल्लीत मी. सुचलं नाही... खरं म्हणजे सुचलं, पण पुन्हा जायचा कंटाळा केला. पाणी सोडताना इशारा देणारा धरणावरचा भोंगा जळला, तेव्हा कमी धोका म्हणून दुरुस्तीत आमचा नंबर शेवटचा. त्याची मोटर माझ्या टेबलाखाली पडून होती.

एप्रिलची दुपार. गेट थोडंसं उचलायला घेतलं, तर ते गंजकं धूड हिसका देऊन पूर्ण वर गेलं आणि अडकलं. ऑपरेटर रामटेकेभाऊ ओरडले, "साहेब, हे खाली नाही येऊन राहिलं!"

मी भोंग्याच्या रिकाम्या खांबाखालीच उभा होतो. पाण्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. गाडी काढली आणि काठाच्या रस्त्याने सुसाट सुटलो. पाणी माझ्या पुढे होतं.

वाड्या गेल्या होत्या. माणसं? सगळी काठावर, बकऱ्यांसकट! नातीला कडेवर घेऊन सुमनबाई पुढे आली. तिची वाडी सगळ्यात मोठी.

"लय उपकार झाले जी सायेब. भोंगा वाजवला म्हनून वाचलो. पोरगी झोपली होती झोपडीत."

"भोंगा?"

"नाही त काय! कान फुटून राहिले होते."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मात्र त्यांचे आभार निमूट स्वीकारले... लाज वाटते लिहिताना.

परत येऊन पाहिलं, मोटर टेबलाखालीच, धुळीने भरलेली. रामटेकेभाऊंनीही काही ऐकलं नव्हतं. राईस मिल, ट्रकचा हॉर्न, लग्नाचा डीजे — सगळ्याची चौकशी केली. काहीच जुळत नाही.

वर्ग बदलण्यासाठी लिहिलंय, फाइल फिरते आहे. पाणी सोडण्याआधी मी स्वतः खाली जाऊन सांगून येतो. पण गेट पुन्हा आपल्या मनाने उघडलं तर?

यंदा सुमनबाईने वाडी आणखी खाली, पार धारेला लागून लावली.

"इतक्या खाली काहून?"

"तुमचा भोंगा हाये ना जी," म्हणत तिने माझ्या हातात टरबुजाची फोड दिली.

मी ती फोड खाली ठेवली. शेवटी बोललो, "बाई, भोंगा वाजलाच नव्हता. तो बंद आहे. तेव्हाही होता."

ती खो खो हसली. "काईबी सांगता सायेब! माह्या कानानं आयकला ना मी."

किती समजावलं, विश्वासच बसेना तिचा. कोणी वाजवला, मला अजून माहीत नाही. पुन्हा वाजेल का, तेही नाही. आणि तिची नात रोज दुपारी तिथेच झोपते.