उलटी बसवलेली चिप

मामांच्या पंपाच्या स्टार्टरमधली चिप मी बदलली आणि उलटी बसवली. चिपच्या एका टोकाला खाच असते, ती बघूनच चिप बसवायची, हे मी इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्याच तासाला शिकवतो. धूर निघाला. सारोळ्यात कांद्याचं रोप पाण्यावाचून राहिलं आणि मामांनी जळकं सर्किट हातात देऊन मला भोरच्या एसटीत बसवलं.

स्टँडजवळच्या टपरीत दुरुस्ती करणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी सर्किट आधी हुंगलं, मग जुन्या टूथब्रशनं झाडलं. चष्मा कपाळावरच राहिला. खाच त्यांनी नखानं चाचपली.

"रेडिओत पार्ट दिसायचे. आता समदं हिच्या पोटात," त्या म्हणाल्या. "लेक म्हणती, ह्या चिपा बनवायचंच शिकायचं. आज संध्याकाळपत्तोर फॉर्मात कालेजांची नावं भरायचीत. इचारावं कुणाला?"

मला राहवलं नाही. "मी तेच शिकवतो," म्हणालो आणि चिप डिझाइनच्या भविष्यावर दहा मिनिटं बोललो. बाई सोल्डरिंग करता करता नीट ऐकत होत्या.

"तुमची पोरं हातानं चिप बसवत्यात का?"

"नाही. सगळं कॉम्प्युटरवरच."

"आन ही उलटी कुणी बसवली?"

"मीच."

त्यांनी सोल्डरिंगची कांडी स्टँडवर ठेवली, लेकीचा यादीचा कागद पुढं ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"सर, तुमचं कालेज कंचं ते सांगा. तेवढं सोडून बाकीची भरते."