डाग काढलेलं लेसचं पुस्तक

रिटायर झालेल्या इंजिनिअरला घरात मोकळं सोडू नये. ओटावाच्या हिवाळ्यात तर मुळीच नाही. ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसून झाला, की तो घरातल्या वस्तूंकडे वळतो.

माझ्या बायकोकडे तिच्या आईचं क्रोशाच्या लेसचं जुनं छापील पुस्तक होतं. आई गेल्यावर ते आणि आईने अर्धवट विणलेला टेबलक्लॉथ, एवढंच ती इकडे घेऊन आली. तो पुरा करायचा, हा तिचा ध्यास.

पुस्तकाची पानं पिवळी, नमुन्यांवर टाचणीची भोकं, पेन्सिलीचे ठिपके. ती महिनाभर लेकीकडे ओकव्हिलला गेली, तेव्हा म्हटलं, सरप्राइज द्यावं. शिवण कापून पानं सुटी केली, स्कॅन केली, आणि कॉम्प्युटरवर एकेक ठिपका, एकेक भोक पुसलं. नवं कोरं पुस्तक छापून स्पायरल लावलं. जुनी पानं रिसायकलिंगच्या डब्यात. डबा मीच रस्त्यावर नेऊन ठेवला, शीळ घालत.

ती आली. पानं उलटली.

"अहो, ठिपके कुठे गेले?"

"काढले! एक डाग दाखव."

"आणि जुनं पुस्तक?"

मी खिडकीबाहेर बोट केलं. डबा रिकामा होऊन चार दिवस झाले होते.

"आधीचे स्कॅन तरी?"

"उडवले. जागा खात होते गं."

तिने पुस्तक मिटलं. मग कळलं. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्या चित्र बघून विणायच्या, आणि चित्र चुकलं असेल तिथे खांबाचे टाके किती, साखळीचे किती, ते ठिपक्यांनी मांडायच्या. ओळ संपली की टाचणीचं भोक. मी त्यांचं अख्खं अक्षर धुऊन काढलं होतं.

तिने माझ्या स्वच्छ चित्रावरून चार वेळा विणून पाहिलं. चारही वेळा कडेला झोळ आला. आईचा टेबलक्लॉथ भिंगातून न्याहाळला, तरी कुठला खांब कशात अडकलाय ते कळेना. एकच वाट उरली: आईने विणलेलं उसवून बघायचं.

"मी मोजू का?"

"तुम्ही मोजू नका. मी सांगते ते लिहा. आणि काही पुसू नका."

ती एकेक टाका सोडवत सांगत गेली, "तीन खांब... पाच साखळ्या..." मी शाळकरी पोरासारखा लिहीत होतो. दोन ओळी झाल्या. तिच्या मांडीवर कुरळा झालेला धागा साठला. तो तिने बोटांनी सरळ करून पाहिला, होईना.

"बस. आईचं आणखी नाही उसवणार मी."

नमुना आठ ओळींचा आहे; मी लिहिल्यात दोनच.