हवेला किती मार्क?

दुकानात त्याला सगळे कानसेन म्हणत. आधी चिडवायला म्हणत, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. कॅसेटी विकायला म्हणून तो त्या काउंटरला उभा राहिला होता. कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या, कानसेन राहिला. आता त्याच्या काचेखाली स्वस्तातले इअरफोन मांडलेले असत आणि प्रत्येकापुढे त्याच्या हातची चिठ्ठी. आवाजाला दहापैकी इतके, किमतीच्या मानानं इतके, आणि खाली एक ओळ: 'गाणारा पुढे, बाकी मंडळी मागे.' 'तासाभरानं कान दुखतो.' गिऱ्हाइकं चिठ्ठी वाचूनच माल उचलत. महागड्यापुढे चार आणि स्वस्तापुढे आठ लिहायची त्याची छाती होती, आणि त्या छातीवरच तो ताठ मानेनं वावरत असे.

मग शेठनी नमुन्याचा एक अ‍ॅम्प आणला. काडेपेटीहून जरा मोठी डबी. फोन आणि इअरफोनच्या मध्ये जोडायची, की आवाजाला जोर येतो.

"ऐकून सांग," शेठ म्हणाले. "तू आठ दिलेस तर खोकंभर मागवतो."

कानसेननं ऐकलं. गाणं एकदम खुललं. 'आवाजात हवा आहे, आठ,' त्यानं मनात चिठ्ठी लिहूनही टाकली. तरी खात्री असावी म्हणून रविवारी डबी घरी नेली.

बायको शाळेत शिकवायची आणि परीक्षांचे पेपर तपासायची. नवऱ्यानं केलेलं डबीचं कौतुक तिनं हातातला गठ्ठा बाजूला न ठेवता ऐकून घेतलं.

"हवा म्हणजे काय?"

"मोकळेपणा गं. वाद्यांच्या मधे जागा वाटते."

"अहो, पण काय जोडलंय ते तुम्हाला दिसतंय की! आमच्याकडे पेपरवरचं नाव झाकतात."

झालं. कानसेन डोक्यावर टॉवेल घेऊन पाठमोरा बसला आणि ती मागून वायर बदलू लागली.

"हा अ‍ॅम्प," तो म्हणाला. "बघ कसा खुलला."

"हा नुसता फोन. आवाज दोन टप्पे वाढवला होता मी."

"ही चीटिंग आहे!"

"कुणाची?"

आवाज मोठा केला की तो चांगला वाटतो, हे तो गिऱ्हाइकांना रोज सांगत असे. स्वतःला सांगायचं राहून गेलं होतं. मग तिनं दोन्हीकडचा आवाज सारखा केला. आता कानसेन चाचपडू लागला, एकदा बरोबर, एकदा चूक, एकदा नुसतंच "अं..." पण हळूहळू जम बसला आणि तो दरवेळी अचूक सांगू लागला. टॉवेलखालून विजयी आवाज आला, "काय बाई? आता बोला!"

"बोलते. गाणं सुरू व्हायच्या आधीच कसं ओळखता?"

त्यानं टॉवेल काढला. गाणं थांबवून नुसतंच ऐकलं. शांततेत एक बारीक सरसर होती, भिंतीपलीकडे कुणी नळ किंचित उघडा ठेवावा तशी. डबी काढली की सरसर बंद. डबी जोडली की पुन्हा सुरू. त्याची हवा ती हीच.

"म्हणजे दोष आवडला तुम्हाला," बायको म्हणाली.

"आवडला तर तो दोष कसा?"

"अक्षर सुंदर आहे म्हणून मी दोन मार्क जास्त देत नाही."

"गाणं म्हणजे पेपर नव्हे."

"मग मार्क कशाला देता?"

काचेखालच्या सगळ्या चिठ्ठ्या त्याच्या डोळ्यांपुढून जाऊ लागल्या. त्यातले किती मार्क आवाजाचे होते आणि किती नुसता आवाज मोठा असण्याचे? तिनंही एकदा ऐकून पाहिलं. "मला दोन्ही सारखेच. हे रबर मात्र कानातून घसरतंय," असं म्हणून ती गठ्ठ्याकडे वळली.

सोमवारी त्यानं शेठना सगळं सांगितलं. शेठनी इअरफोन कानात घातले, गाणं न लावता डोळे मिटले.

"कुठं काय ऐकू येतंय?"

"बारीक सरसर."

"ती माझ्या कानात चोवीस तास असते रे! घ्यायचा की नाही तेवढं बोल."

"आठ म्हणवत नाही. चारही म्हणवत नाही."

"मग सहा लिही."

"सहा कशाचे, शेठ?"

शेठनी त्याच्याकडे बिघडलेल्या मालाकडे बघावं तसं बघितलं. "खोकं नको. पाचच मागवतो. खपले तर तुझा कान खरा, पडून राहिले तर वहिनी खऱ्या."

हाही हिशेब कानसेनला पटेना. माल खपणार चिठ्ठीवर. चिठ्ठी लिहिणार तोच. मग खपून सिद्ध काय होणार? पाच डब्या आल्या, त्यानं त्या काचेखाली ठेवल्या आणि पुढची जागा कोरीच ठेवली.

पहिल्याच गिऱ्हाइकानं बोट ठेवलं. "याची चिठ्ठी कुठाय?"

"नाही लिहिली."

"मग तोंडी सांगा. घेऊ का?"

कानसेननं डबी फोनला जोडली, इअरफोन पुढे केले. "गाणं नंतर लावतो. आधी नुसतं ऐका."

माणूस भुवया आक्रसून ऐकत राहिला. कानसेन त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता. गिऱ्हाइकाला सरसर ऐकू यावी की येऊ नये, आवडावी की खुपावी, यातलं आपल्याला नेमकं काय हवंय, हेच त्याला कळत नव्हतं.