काट्याची मोहरी

रानमोहरी कुनी पेरत न्हाई. कवा तरी भाईरच्या गव्हाच्या बियाण्यातनं आली आन तिकोणा पेठ गावच्या भातखाचरात घरजावयागत बसली. खालची पानं खरखरीत, फाटल्याली. फूल पिवळं, पाकळ्या चारच. शेंग लांबोडकी, टोकाला चोच. दाणा सांडला की मातीत वर्सानुवर्सं झोपून ऱ्हातो. लोकं उपटून बांधावर टाकायची, भागुबाई मातर झोडपून तिचं तेल काढायची.

यंदा तिच्या डोळ्याचं आपरेशन झाल्यालं, म्हनून सून रेणुका एकलीच गेली. रेणुका लोणावळ्याच्या ठेसनाजवळ वाढल्याली. बांधावरचं वाळल्यालं सगळं तिनं झोडपलं, पाखडलं, आन सकाळी हनुमंत, भागुबाईचा ल्योक, गोणी घिऊन कामशेतला घाण्यावर गेला.

दुपारी जेवताना रेणुका तळहात चोळत म्हनाली, "आत्या, तुमच्या मोहरीला काटं लय."

भागुबाईचा घास हातातच ऱ्हायला. रानमोहरीला नुसती लव. काटा असतो पिवळ्या धोतऱ्याला. त्याचा दाणाबी तसाच बारका, काळा. पन तेल पोटात गेलं की पाय सुजत्यात, दम कोंडतो. तिचा थोरला भाऊ त्यातच गेल्ता.

हनुमंताचा फोन लागंना. भागुबाई डोळ्यावरचा काळा चष्मा तसाच ठिवून जीपमदी बसली. जीप भरल्याबिगर हलंना. डायवर श्रीपतीनं इचारलं, "मावशी, लगनाला निगाली का?"

"चल बाबा, न्हाईतर मयताला जावं लागंल."

घाण्यावर पोचली तवर निम्मी गोणी गाळून झाल्ती. तिनं उरल्याले दाणे चिमटीत घासले. काही गुळगुळीत, काही खरबरीत. दाताखाली धरले. एक जिभंला झोंबला, ती मोहरी; दुसरा झोंबलाच न्हाई.

हनुमंत म्हनाला, चार दाण्यानं काय व्हतंय, वर्साचं तेल हाय. भागुबाईनं तेलाचा डबा उचलला आन मागच्या खड्ड्यात वतला. मंग घाणेवाल्याला म्हनली, घाणा धू, आमच्यामागं दुसऱ्याचं तेल निघायचंय. तो कुरकुरला, पन ती धुवून होस्तवर हलली न्हाई.

सांजच्याला रेणुका दारात उभी, त्वांड उतारल्यालं.

"चूक तुजी न्हाई," भागुबाई म्हनाली. "तीन वर्सं झाली लगनाला, तुला येकदाबी दावलं न्हाई मी. चप्पल घाल."

बांधावर एक वला धोतरा उभा व्हता. भागुबाईनं पदर हाताला गुंडाळून दांडी मोडली. आतनं पिवळा चीक आला, मोहरीला नसतो तसला. रेणुकानं तो बोटावर घिऊन निरखला, आन बोट लुगड्याला न पुसता मातीत घासलं.